खटपट्याचा डावा हात

कारखान्यात त्याला सगळे खटपट्या म्हणत. नव्याने आलेल्यांना ते आडनावच वाटे. ते त्याला 'खटपटेसाहेब' अशी हाक मारत आणि तोही बिनदिक्कत ओ देई. साठीला दोन वर्षं उरलेली, चष्मा कायम कुठेतरी विसरलेला, आणि धंदा असा, की जे यंत्र जगात अजून कुणी पाहिलेलंच नाही ते पहिल्यांदा उभं करायचं. एखादी वस्तू प्रयोगशाळेत हाताने दिवसाला दहा होतात आणि कुणाला तरी त्या हजार हव्या असतात, अशा वेळी खटपट्याला बोलावणं जाई.

यंत्र तो उभं करीच. पण त्याच्या यंत्रांना एक वाईट खोड होती. तो शेजारी असला की ती गरीब गाईसारखी चालत, आणि तो घरी गेला की अडून बसत. आजवरची तीन यंत्रं या खोडीपायी ताडपत्रीखाली गेली. लोक म्हणत, "त्याच्या हाताला गुण आहे." हे कौतुक म्हणायचं की शिवी, देव जाणे. ज्याला आपला बाप सतत उशाशी लागतो ते यंत्र कसलं, ते तर तान्हं पोर झालं.

या खोडीची किंमत घरानेही मोजली होती. मुलगी जन्मली तेव्हा हा परगावी पहिल्या यंत्रापाशी अडकलेला. तिचं तोंड पाहिलं ते अकराव्या दिवशी. सासूबाईंनी ते अकरा दिवस गेली अठ्ठावीस वर्षं लोणच्यासारखे मुरवत ठेवले होते. वाद भाजीतल्या मिठाचा असो की पंख्याच्या बटणाचा, शेवटी बरणी उघडायचीच.

आता चौथं यंत्र चालू होतं. एका डॉक्टरबाईंनी भाजलेल्या जखमेसाठी असा लेप शोधून काढला होता, की पट्टी काढताना कातडी सोबत निघत नसे आणि रोगी ओरडत नसे. बाई स्वतः हाताने दिवसाला दहा-बारा पट्ट्या करत, आणि इस्पितळात माणसं वाट बघत पडलेली असत. यंत्राचं काम ऐकायला सोपं होतं. पातळ कापडाचा गुंडाळा उलगडत पुढे सरकायचा, पात्याखाली त्याच्यावर लेपाचा थर बसायचा, गरम हवेत वाळायचा आणि शेवटी पट्ट्या कापल्या जायच्या.

यंत्र घेणाऱ्या कंपनीच्या तपासनीसबाईंनी मात्र अट घातली होती. एक पूर्ण पाळी, पाचशे पट्ट्या, वाया जास्तीत जास्त पाच, आणि यंत्र बनवणारा सगळा वेळ यंत्राभोवती आखलेल्या पिवळ्या रेषेच्या मागे.

"आम्ही यंत्र विकत घेतोय," बाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही."

जमलं तर अशीच सहा यंत्रं लागणार होती. नाही तर चौथी ताडपत्री.

चाचणी आठवड्यावर आली आणि खटपट्याची बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली. जाताना आपल्या आईला मागे ठेवून गेली, कारण हा माणूस यंत्रापाशी जेवायला विसरतो. सासूबाईंना पणतवंड बघायची घाई, त्यामुळे त्या आधीच फुरंगटलेल्या.

"घरी एकटी बसून भिंतींशी बोलू का?" असं म्हणत त्या रोज डबा घेऊन कारखान्यात येऊ लागल्या आणि यंत्रासमोर खुर्ची टाकून लोकर विणत बसू लागल्या. चाळीस वर्षं त्यांनी शिवणाचा वर्ग चालवला होता. कुणी काम करत असलं की त्या हातांकडे बघत.

यंत्राने आपली खोड दाखवायला सुरुवात केलीच होती. खटपट्या जवळ असला की लेप आरशासारखा बसे. त्याच्या हाताखालचा फिटर एकटा चालवू लागला की वीस फुटांत कापड उजवीकडे सरके आणि थर एका बाजूला जाड, दुसरीकडे विरळ. पातं बदललं, मोटर बदलली. वायरमनने हवेला दोष दिला, डॉक्टरबाईंनी स्वतःच्या लेपाला. फिटर म्हणाला, जमिनीलाच उतार आहे.

"नाचता येईना, अंगण वाकडं," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या.

सोमवारी बायकोचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. "कधी येताय?"

"चाचणी झाली की निघतोच," तो म्हणाला. त्याला स्वतःलाच ते खरं वाटलं नाही.

सासूबाईंनी सुई थांबवली आणि एकच शब्द उच्चारला, "अकरा."

मंगळवारी दुपारी यंत्र सुरळीत चाललं होतं, अर्थात खटपट्या शेजारी होता म्हणून. तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "जावईबापू, तो डावा हात कशाला लागतो?"

"कुठला डावा हात?"

"तुमचाच. कापडाच्या कडेला."

त्याने खाली पाहिलं. त्याचा अंगठा आणि पहिलं बोट कापडाची कड अलगद धरून उभे होते. डोळे पात्यावर, बोटं कडेवर, आणि बोटांचा त्याला पत्ताच नाही.

"मागे बांधा बघू हात."

त्याने हात मागे बांधले. वीस फूटही झाले नाहीत आणि कापड उजवीकडे निघालं.

"आयला!" फिटर म्हणाला.

"शिवणाऱ्या पोरीचा उजवा हात सगळे बघतात," सासूबाई म्हणाल्या. "शिवण सरळ जाते ती डाव्यामुळे. चाळीस वर्षं मी दुसरं काय बघितलं?"

खटपट्याला आधी राग आला, अगदी खराखुरा. मग लाज वाटली. तो नळावर जाऊन तोंड धुऊन आला.

"आई, आधीची तीन यंत्रं... त्यांनाही मी असाच कुठेतरी टेकू देत असणार."

"गेली ती गेली. ह्याला हात बसवा."

मग दोन दिवस त्याने हात बसवला. कडेला दोन छोटी चाकं, किंचित बाहेर झुकलेली, कापड चिमटीत धरणारी. चिमूट किती घट्ट हवी? त्याने आपली बोटं छोट्या वजनकाट्यावर दाबून पाहिली, चाळीस ग्रॅम. सासूबाईंनी दाबलं, तेही चाळीस. दोघं एकमेकांकडे बघून पहिल्यांदाच हसले. लोखंडी चाकावरून कापड निसटे, रबरी चाक कापड ओरबाडे. शेवटी सासूबाईंनी आपल्या जुन्या लोकरी कोटाची बाही कापून दिली, ती चाकांवर चढवली, आणि यंत्र फिटरच्या हाताखाली तीनशे फूट नाकासमोर चालत गेलं.

खरी मेहनत त्यापुढेच होती. खटपट्याच्या आराखड्यांवर त्याचा लाडका शब्द जागोजागी असे, 'अंदाजाने'. सासूबाईंच्या बाह्या दोनच, आणि यंत्रं व्हायची होती सहा. म्हणून त्याने बसून लिहून काढलं, लोकर कोणती, जाडी किती, स्प्रिंगचा जोर किती, चाक किती झुकवायचं. कुठल्याही गावातल्या कुठल्याही फिटरला ते जमलं पाहिजे, असं. त्या कागदावर 'अंदाजाने' एकदाही आलं नाही.

शुक्रवारी सकाळी चाचणी सुरू झाली. खटपट्या पिवळ्या रेषेमागे बसला, आणि त्याचे हात काही बसेनात. मांडीखाली घातले, खिशात घातले. सासूबाईंनी लोकरीची लड काढून त्याच्या दोन्ही हातांत अडकवली. "धरा. मला गुंडा करायचाय."

दोनशे बाराव्या पट्टीला कापड बोटभर सरकलं. तो अर्धवट उठला, हात लोकरीत अडकलेले. यंत्र चालवायला दिलेला कंपनीचा माणूस यंत्रापाशी नुसता उभा होता. चाकांनी कड ओढून घेतली आणि कापड परत जागेवर आलं. खटपट्या खाली बसला.

पाचशे पट्ट्या झाल्या, वाया तीन. डॉक्टरबाई एक पट्टी स्वतःच्या मनगटावर लावत होत्या आणि काढत होत्या, लावत होत्या आणि काढत होत्या. तपासनीसबाईंनी सही केली आणि म्हणाल्या, "दुसऱ्या पाळीलाही चालवू. तुम्ही थांबायची गरज नाही."

असं त्याला आयुष्यात कुणी म्हणालं नव्हतं. तो आणि सासूबाई दुपारच्याच बसने निघाले.

तासाभराने फोन वाजला. पडद्यावर फिटरचं नाव. खटपट्याने अर्धवट उठतच फोन घेतला.

"बोल."

"चष्मा राहिलाय तुमचा. टेबलावर."

"आणि यंत्र?"

"यंत्राचं काय? चाललंय की."

त्याने फोन ठेवला आणि खिडकीकडे तोंड वळवलं. खांदे हलायला लागले.

"काय हो, बिघडलं का?" सासूबाई घाबरल्या.

"नाही, आई. सुटलो."

त्यांनी पिशवीतून रुमाल काढून दिला. बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या, मग म्हणाल्या, "आज पाचवा दिवस."

बस वळली. "पाच म्हणजे काही फार नाही," त्या म्हणाल्या आणि लोकरीचा गुंडा त्याच्या मांडीवर ठेवून डोळे मिटून घेतले.