हिरवा दिवा लागला तरी

नव्या नेटवर्क कार्डाचं पाकीट फोडलं, की प्लास्टिकच्या वासामागून मला डेटॉल आणि रक्ताचा वास येतो. उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या दवाखान्यात मी लिनक्सच्या कॉम्प्युटरला असंच कार्ड बसवत होतो. शेजारच्या खोलीत डोक्यात दगड लागलेला एक तरुण बेशुद्ध पडला होता आणि त्याचा स्कॅन मोठ्या डॉक्टरांना नेटवरून ताबडतोब पाठवायचा होता. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, काही केल्या चालू होईना. त्या तरुणाचा थोरला भाऊ माझ्या डोक्यावर उभा. “लई झालं तुझं टकटक, व्हतंय का नाय?” म्हणत त्यानं माझं तोंड टेबलावर आपटलं. ओठ फाटून कीबोर्डवर रक्त गळलं. तशातच मी ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला आणि कार्ड चालू झाल्याचा हिरवा दिवा लागला. तरी स्कॅन जाईना. मग त्यानं स्टूल उचलून माझ्या पाठीत घातलं. मीही त्याच्या पोटात लाथ घातली आणि दोघंही फरशीवर आलो. तेवढ्यात नर्सबाई बाहेरून धावत आल्या. “अरे, त्याला कशाला मारतोस? चौकात दगडफेक झाली म्हणून सगळ्या शहराचं नेट बंद केलंय!” त्याची उगारलेली मूठ तशीच राहिली. झटापटीत त्याच्या खिशातून लिंबाएवढे दोन दगड फरशीवर घरंगळले होते. ते त्यानंही पाहिले, मीही पाहिले. आता कुठंही हिरवा दिवा लागूनही नेट आलं नाही, तर माझी नजर आधी समोरच्या माणसाच्या खिशाकडं जाते.