नंबर जुळला की माणूस तोच

मी प्रोग्रॅमर. मुंबईच्या ऑफिसचं काम रेवदंड्याच्या घरात बसून करते. घर कोळ्यांचं, म्हणून गावात मी नुसती 'कॉम्प्युटरवाली'. त्या दुपारी वादळाचा इशारा आला, होड्या मिळेल त्या खाडीत शिरल्या, आणि मच्छीमार सोसायटीचे चेअरमन दोन याद्या घेऊन दारात उभे. एक समुद्रात गेलेल्यांची, दुसरी परत आलेल्यांची. "कोन राहिलाय तेवढं काढून दे गो बाय. तशी लाँच पाठवतो शोधायला."

माझा दादाही बाहेर होता. हातातलं काम टाकून बसले.

मी ज्या फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषेत काम करते ती भारी कडक. मच्छीमार कार्डाचा नंबर, नाव, होडी असं सगळं तंतोतंत जुळलं तरच दोन नोंदी सारख्या. आणि आमच्या लोकांनी एकाच होडीचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं! पहिल्या फेरीत निम्मं गाव समुद्रातच. डोकंच फिरलं माझं. म्हटलं, खड्ड्यात गेले ते बाकीचे रकाने, आणि तुलनेचा नियम बदलला. नंबर जुळला की माणूस तोच. उत्तर आलं, रिकामी यादी. बाहेर कोणी नाही.

चेअरमननी लाँच थांबवली. मी आत ओरडले, "वहिनी, सगळे आले! भात टाक!"

दादा आला नाही.

आमच्याकडे कुणी तापाने पडला की घरोब्यातला दुसरा त्याची होडी नेतो, त्याच्याच कार्डावर. एका दिवसासाठी कागद कोण बदलणार? शेजारचे काका आजारी, म्हणून दादा त्यांची छोटी होडी घेऊन एकटाच गेलेला. म्हणजे गेलेल्यांत नंबर काकांचा. इशारा ऐकून बिचारे काका घोंगडी गुंडाळून धक्क्यावर गेले, दादा आला का विचारायला. यादी लिहिणाऱ्याने त्यांचंच कार्ड मागितलं आणि आलेल्यांत उतरवलं. नंबर तोच, नाव तेच. होडीचा रकाना तेवढा कोरा होता. तोच मी बघितला नव्हता.

लाँच दुसऱ्या दिवशी निघाली. तिसऱ्या दिवशी होडी सापडली, रिकामी.

त्यानंतर एका सकाळी वहिनी माझ्या शेजारी येऊन बसली. "ताई, ते परत लाव."

"वहिनी, नको गं."

"लाव म्हनते ना."

या भाषेचं आम्ही कौतुक करतो ते याचंच, की तेच दिलं की तेच मिळतं, हजारदा चालवा. मला ठाऊक होतं काय येणार ते. तरी बटण दाबलं. तिला नाही म्हणायला तोंड कुठे होतं मला?

तिने पडद्याकडे बघितलं. "काय सांगतंय?"

"कोणी राहिलं नाही."

"मग भात टाकू?" वहिनी म्हणाली.