घमेल्याला लावलेली ठिगळं

युद्धाच्या काळात ती विमानांना ठिगळं लावायची. गोळ्यांनी चाळण झालेलं लढाऊ विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये आलं, की फाटका पत्रा कापायचा, नवा बसवायचा, कडेनं रिव्हेट ठोकायचे. हात इतका साफ, की फोरमन म्हणायचा, "पत्रा शिवावा तर या बाईनंच."

तिथं येणारं विमान एकाच जातीचं, आणि ते मात्र बदनाम. नाक जड, वर चढताना धाप लागायची. वैमानिकांनीच त्याचं नाव 'घमेलं' पाडलं. पुढं पुस्तकांतही तेच उतरलं: निकामी विमान, पोरांचे जीव घेतले. घरी जेवायला बसलं की धाकटा दीर हमखास टोचायचा, "वहिनी, तुमचं घमेलं उडायचं तरी का हो?"

"उडायचं. आणि परतही यायचं," ती म्हणायची नि वाढत राहायची. अशी तीस-पस्तीस वर्षं गेली.

हे तिचं बोलणं हवेतलं नव्हतं. लावलेलं प्रत्येक ठिगळ तिनं वहीत टिपलं होतं: विमानाचा नंबर, तारीख, भोक कुठं. उद्या ठिगळ सुटलंच, तर ते कुणाच्या हातचं हे कळावं, एवढाच हेतू.

जुन्या कामगारांच्या आठवणी गोळा करत संग्रहालयातली एक संशोधक बाई तिच्याकडे आली, तेव्हा ती वही पेटीतून बाहेर निघाली. बाईंचं बोट एका नंबरावर अडलं. "हे एकच विमान नऊ वेळा?"

"नऊदा फाटलं, नऊदा शिवलं. दहाव्यांदा यायच्या आत युद्धच संपलं."

बाईंनी वहीतल्या तारखा कुठं किती विमानं पडली याच्या शत्रूच्या रोजच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. दोन वर्षं त्यात गेली. निघालं ते असं: घमेली पडली ती बहुतेक पहिल्या दोन महिन्यांत, उंचावर लढायला धाडली तेव्हा. नंतर त्यांना कमी उंचीवरच लढवलं, आणि तिथं एक घमेलं पडेपर्यंत समोरची दोन पडत होती. पुस्तकं लिहिणारे पहिल्या दोन महिन्यांवरच थांबले होते.

संग्रहालयातला घमेल्याबद्दलचा फलक नव्यानं लिहायचा ठरला. बाईंनी मजकूर वाचून दाखवला, "आपल्या काळातलं उत्तम लढाऊ विमान..."

"हे खोडा," ती म्हणाली. "उंचावर त्याचा दम तुटायचाच. त्यात पोरं गेली आहेत, त्यांच्या घरची माणसं हे वाचतील. खाली मात्र ते कुणाच्या बापाला भ्यायलं नाही. तेवढंच लिहा."

जवळपास तसंच लिहिलं गेलं. खाली बारीक अक्षरांत तिच्या वहीचा उल्लेखही आला.

फलक लागला त्या दिवशी दिरानं चष्मा पुसून तो दोनदा वाचला. मग शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला म्हणाला, "ही वही आमच्या वहिनीची. त्या काय तिकडे उभ्या आहेत." थोड्या वेळानं दुसऱ्याला सांगितलं, मग तिसऱ्याला.

तिनं त्याला अडवलं नाही. ताठ मानेनं उभी राहून ऐकत राहिली.