देखरेखीचे तास

नागपूरच्या विमानतळावर आम्हाला सोडायला चौदा माणसं आली होती आणि त्यातल्या निदान दहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला: कागद हातातल्या बॅगेत ठेवलेस ना? ठेवले होते. बाबांनी माझ्या प्रत्येक प्रमाणपत्राच्या सहा-सहा सत्यप्रती काढून त्यांवर राजपत्रित अधिकाऱ्याचे शिक्के मारून आणले होते. अधिकारी म्हणजे आमच्याच गल्लीतले तहसीलदार काका. जांभळ्या शिक्क्यांचा तो गठ्ठा बघून बाबांना वाटत होतं की आता मुलीला कॅनडात कुणी अडवणार नाही. आई एवढंच म्हणाली, "थंडीचं काही नाही, स्वेटर मिळतात. काम मात्र सोडू नको."

माझं काम म्हणजे मानसशास्त्रज्ञाचं. नागपूरच्या एका सरकारी हॉस्पिटलात मी अकरा वर्षं ते केलं. आमच्या विभागात दोनच खुर्च्या होत्या, एक माझी आणि एक वैरागडे सरांची. सर विभागप्रमुख होते, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, कमी बोलणारे. तेही विमानतळावर आले होते आणि सगळ्यांपासून जरा लांब उभे होते. मी पाया पडले तेव्हा म्हणाले, "तिकडे कुणाला विचारत बसू नको. तुला येतं सगळं." अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सर्वांत लांबलचक कौतुक होतं. विमानात मी आईसाठी रडले तेवढीच त्या वाक्यासाठीही रडले.

हे २००२ सालचं. सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हॅमिल्टनला सॉफ्टवेअरची नोकरी मिळाली होती. आम्ही दोघं आणि आमची शाळकरी लेक एका बेसमेंटमध्ये राहायला लागलो. खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. पहिल्या दोन महिन्यांत दारातला बर्फ फावड्याने शोव्हल करायला शिकले, विंटर टायर म्हणजे काय ते कळलं, आणि हेही कळलं की या प्रांतात परवान्याशिवाय स्वतःला सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेणं हा गुन्हा आहे. काम करणं सोडाच, तो शब्दही वापरायचा नाही. तिकडे राहिलेल्यांना ही गंमत वाटेल. माझ्यासारख्या ज्या ज्या इकडे आल्या, त्यांना वाटणार नाही. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला कुणी हौसेने "या आमच्या सायकॉलॉजिस्ट" अशी ओळख करून दिली की मी तिळगूळ हातात घेऊनच दुरुस्ती करायची: नाही हो, होते. लेकीने शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे 'यूज्ड टू बी' असं लिहिलं, तेव्हा तिला रागवायचं तरी कशाबद्दल, हेच मला कळेना.

परवान्यासाठी मी अर्थातच अप्लाय केलं. प्रांताच्या परवाना मंडळाला माझी पदवी चालत होती. बाबांच्या सत्यप्रती तेवढ्या चालल्या नाहीत, त्यांना विद्यापीठाकडून बंद पाकिटात कागद हवे होते. तेही मिळवले. मग उरली एक अट. मी अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली इतके इतके तास काम केलं आहे, असं त्या माणसाने लिहून द्यायचं होतं. मी निर्धास्त होते. सरांना फोन केला, मंडळाचा पत्ता दिला. सर म्हणाले, "लिहितो. असं लिहितो की बघत राहतील."

त्यांनी खरोखरच तसं लिहिलं. मंडळाने नकारासोबत पत्राची प्रत पाठवली म्हणून मला वाचायला मिळालं. सरांनी लिहिलं होतं की ही पहिल्या दिवसापासून पूर्णपणे स्वतंत्र काम करत आली, हिच्यावर देखरेख करण्याची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. आपल्याकडे याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. मंडळाने त्याचा सरळ अर्थ लावला: देखरेखीखालील अनुभव शून्य तास. मी किचनमध्ये उभी राहून आधी हसले आणि मग बराच वेळ सिंक घासत राहिले.

खरं काय होतं ते मलाच ठाऊक होतं. रोज दुपारी ओपीडी संपली की आम्ही दोघं मुरमुऱ्यांचा डबा मध्ये ठेवून सकाळच्या एकेका पेशंटबद्दल बोलायचो. दीड तास, कधी दोन. सर म्हणायचे, "ती वर्ध्याची बाई परत बोलाव," किंवा "त्याच्या वडिलांना तू काय विचारलंस ते सांग." ही देखरेख नव्हती तर काय होतं? पण तिला ते नाव आम्ही कधी दिलं नव्हतं आणि कुठल्या रजिस्टरात तिची नोंदही नव्हती. आम्ही त्याला 'बसणं' म्हणायचो.

मी सरांना पुन्हा फोन केला. आयुष्यात इतका अवघड फोन मी केलेला नाही. सर, तुम्ही माझ्यावर देखरेख ठेवत होता असं लिहा, हे बोलताना माझी जीभ अडखळली. मग सर म्हणाले, "असं कसं लिहू? तू माझ्या हाताखाली नव्हतीस, माझ्यासोबत होतीस." मी इथले नियम समजावले. मी रडवेली झाल्याचं त्यांना कळलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन ओळींचं नवं पत्र पाठवलं: आवश्यक ती सर्व देखरेख केली होती.

आता मंडळाच्या फायलीत एकाच माणसाची दोन पत्रं होती, सहा आठवड्यांच्या अंतराने लिहिलेली आणि एकमेकांच्या नेमकी उलट. मंडळाने सभ्य इंग्रजीत कळवलं की या संदर्भदात्याचं म्हणणं विश्वासार्ह मानता येत नाही, सबब फाइल बंद. परवाना गेला याचं दुःख होतंच. पण ज्या माणसाने जन्मात खोटं मेडिकल सर्टिफिकेट दिलं नाही, तो माझ्यापायी परदेशातल्या कागदावर खोटारडा ठरला, याची मला शरम वाटली. ते पत्र मी सरांना कधी दाखवलं नाही. मंडळाचं अजून काही ठरत नाहीये, असं सांगत राहिले.

पुढची काही वर्षं मी हॅमिल्टनच्याच एका हॉस्पिटलात, मानसोपचार विभागाच्या इनटेक डेस्कवर काढली. फोन घ्यायचा, नाव-पत्ता-तक्रार लिहायची, अपॉइंटमेंट द्यायची. सल्ला द्यायचा नाही. एकदा एक पंजाबी आजी फोनवर हिंदीत रडायला लागल्या. त्यांना नेमकं काय होतंय ते मला तिसऱ्या वाक्यालाच कळलं होतं. मी मंगळवार, सव्वादहा, दुसरा मजला, एवढंच सांगितलं आणि वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. माझी सुपरवायझर मार्लीन, साठीला टेकलेली, स्टीलच्या कारखान्यातल्या कामगाराची मुलगी, बाहेर उभी होती. त्या दिवशीचे उरलेले फोन तिने घेतले.

आणि मग कळलं की परवान्याचे नियम बदलताहेत. मंडळाने परदेशात शिकलेल्यांसाठीच्या नियमांचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता आणि सूचना मागवल्या होत्या. सुधीर म्हणाला, अशा नोटिसा निघतात, वाचत कुणी नाही. मी तरीही बसून चार पानं लिहिली. त्यांत माझी कैफियत होती, अपमान होता, सरांचा मोठेपणा होता. मार्लीनला इंग्रजी तपासायला दिली तर तिने पेनने तीन पानं सरळ खोडली. म्हणाली, "दे नो यू आर अँग्री. टेल देम व्हॉट टु आस्क."

मला दोन दिवस तिचा राग आला. नंतर मी एक पान लिहिलं. त्यात एवढंच होतं की आमच्याकडचे वरिष्ठ पत्रात कौतुक करतात, देखरेखीचा उल्लेख करणं त्यांना समोरच्याचा अपमान वाटतो, म्हणून पत्र मागू नका, प्रश्न विचारा. किती वेळा बसत होता? कुठे? मतभेद झाला तर कुणाचं चालायचं? आणि शेवटचा प्रश्न: उमेदवाराची एखादी गंभीर चूक सांगा, आणि तुम्ही तिचं काय केलंत ते सांगा. जो खरोखर देखरेख करत होता त्यालाच याचं उत्तर देता येईल, असं मी लिहिलं. हा प्रश्न सुचला म्हणून मी स्वतःवर खूश होते. आमचे सर तो भाग कोरा सोडतील, कारण सांगण्यासारखी चूकच नाही, असं मनात धरूनच मी तो लिहिला होता.

मंडळाकडून टोरांटोला बोलावणं आलं. पाच मिनिटं बोलायला मिळाली. एका सदस्याने विचारलं की प्रश्नांचीही उत्तरं प्रेमापोटी खोटी देता येतात, नाही का? मी म्हटलं, दोन ओळी प्रेमापोटी लिहिता येतात, पानंच्या पानं नाही. काही जण हसले.

वर्ष सरून गेल्यावर नवे नियम आले. पत्राची जागा प्रश्नावलीने घेतली होती आणि अकरावा प्रश्न, गंभीर चुकीचा, जवळजवळ माझ्याच शब्दांत होता. मी नव्याने अप्लाय केलं. सरांना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी प्रश्नावली हाताने भरली, पुतण्याने स्कॅन करून मंडळाला पाठवली, आणि मंडळाने एक प्रत मला पाठवली. शेवटी माझ्यासाठी चौकोन होता: वरील माहिती मला मान्य आहे किंवा नाही, आणि खाली सही.

एप्रिलमधली शनिवारची सकाळ होती. चहा घेऊन वाचायला बसले. मुरमुऱ्यांच्या डब्यासकट सगळं लिहिलं होतं. अकराव्या प्रश्नाखालचा भाग कोरा नव्हता. सरांनी तिथे सव्वा पान लिहिलं होतं.

माझ्या दुसऱ्या वर्षातली ती पेशंट, यवतमाळकडची एक नवी सून. तिचं नाव देत नाही, तो नियम दोन्ही देशांत सारखाच आहे. तिला झटके यायचे, म्हणून वॉर्डात भरती केलं होतं. मी तीनदा बोलून निष्कर्ष काढला की झटके मानसिक आहेत, सासरच्या जाचाने येताहेत, आणि समुपदेशन सुरू केलं. तीन महिन्यांत झटके थांबले. सासरे घरच्या तुरीच्या डाळीची पायली घेऊन माझे आभार मानायला आले होते. ही केस मी नंतर कितीतरी जणांना सांगितली होती. मार्लीनलासुद्धा, मी नागपूरला काय दर्जाचं काम करत होते ते समजावं म्हणून.

सरांनी लिहिलं होतं: "निदान चुकलं होतं. मुलीला अपस्मार होता. उमेदवाराने निदान सांगितलं त्याच संध्याकाळी मी वॉर्डात जाऊन मेंदूचा आलेख काढवला आणि न्यूरॉलॉजीकडून गोळ्या सुरू केल्या. नातेवाइकांना सांगितलं की बाईंनीच ही तपासणी सुचवली आहे. उमेदवाराला कळवलं नाही. त्यानंतर वर्षभर तिच्या झटक्यांच्या सर्व केस मी स्वतः पुन्हा तपासल्या."

चहा तसाच राहिला. मला आधी राग आला, तोही सरांचा. मग ती पायलीभर डाळ आठवली आणि माझे कान तापले. सरांना लागलीच फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. मी विचारलं, "सर, मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू महिनाभर पेशंटसमोर बसायला घाबरली असतीस. आणि बसणारे आपण दोघंच होतो."

"असं किती वेळा झालं?"

"मोजलं नाही," सर म्हणाले. "मागच्या वेळी तुझं नाव राखायला गेलो आणि नुकसान तुझंच झालं. तू सांगितलं नाहीस, पण मला समजलं होतं. यावेळी जसं होतं तसं लिहिलं. रागावलीस का?"

मी नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर मोठमोठ्याने रडले. सुधीर धावत आला, त्याला वाटलं सर गेले. त्याने ते पान वाचलं आणि म्हणाला, हे मान्य केलंस तर परवाना मिळेल का? त्याची काळजी खरी होती. 'मान्य नाही' अशी खूण केली असती तर वीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट तपासायला यवतमाळला कोण जाणार होतं? पण मग सर पुन्हा खोटे ठरले असते. मी 'मान्य आहे'वर खूण केली आणि सही केली.

आधी तात्पुरता परवाना मिळाला. नंतर परीक्षा झाली, इथल्या माणसाच्या हाताखालचं वर्ष झालं, तेही रीतसर नोंदवून. आता माझ्या दारावर तो शब्द आहे आणि माझ्या हाताखाली इराणहून आलेली एक उमेदवार आहे. दर गुरुवारी तासभर बसतो. तिची चूक मी तिला तोंडावर सांगते, तारीख घालून लिहिते, तिची सही घेते. पेशंटच्या दृष्टीने हेच बरोबर आहे, यात मला शंका नाही. तरी सांगण्याआधी दर वेळी मला थोडा वेळ लागतो.

नागपूर सोडून इतकी वर्षं झाली, आता तुला घर कुठलं वाटतं, असं मैत्रिणी फोनवर विचारतात. नागपूर माझं माहेर आहे. तिथे अकरा वर्षं कुणीतरी माझ्या चुका झाकत होतं आणि मी स्वतःला हुशार समजत होते. घर म्हणाल तर हॅमिल्टनला आहे. इथे चूक झाली की माझं नाव घेऊन विचारतात, आणि उत्तर मलाच द्यावं लागतं.