लोंबकळणारं टोक

मालाच्या गोदामात उभी हयात काढलेला माणूस निवृत्त झाला, तरी त्याच्या डोक्यातलं गोदाम काही बंद होत नाही. टापटीप आजोबांचं तसंच होतं. हे नाव त्यांना शेजाऱ्यांनी ठेवलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडायचं. पायपुसणं वाकडं दिसलं, तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. एकदा त्यांनी स्वयंपाकघरातल्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या आणि घरादाराने मिठाचा चहा प्यायला. सून हसली होती. मुलगा मात्र म्हणाला होता, "बाबा, तुम्ही आपला आराम करत जा." ते बोलणं त्यांना चहापेक्षा खारट लागलं.

त्या दिवशी चार वाजता सुनेची मुलाखत होती. ती इमारतींचे नकाशे काढायची. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिने नोकरी सोडली आणि शेवटपर्यंत तिला न्हाऊमाखू घातलं. सासू गेली, पण नोकरी काही परत आली नाही. "मधली एवढी वर्षं काय करत होतात?" असं जो तो विचारायचा. आता कुठे एका कंपनीने संगणकावरून बोलायचं कबूल केलं होतं. नकाशे उघडून दाखवायचे होते.

दुपारी वीज गेली. सून आत आरशासमोर उत्तरांची उजळणी करत बसली. आजोबांना रिकामे हात सोसेनात. त्यांनी बोळातलं कपाट उघडलं. त्यात इंटरनेटच्या डबीशेजारी हब होता, म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना जोडणी वाटून देणारी चपटी पेटी. तिच्यातून निघालेल्या वायरींचा नुसता गुंता झाला होता. एक वायर पूर्वी प्रिंटरला जायची. प्रिंटर दुरुस्तीला गेला होता, म्हणून तिचं दुसरं टोक अनाथासारखं लोंबकळत होतं. आजोबांनी धूळ पुसली, प्रत्येक वायरीची सुबक गुंडाळी करून तिला दोरा बांधला आणि ते मोकळं टोक हबच्याच एका रिकाम्या भोकात बसवून टाकलं. टक्‌ असा आवाज आला. त्यांना फार बरं वाटलं.

वीज आली, पण इंटरनेट काही येईना.

"बाबा, जरा विजेरी धरता?" सून कपाटापुढे बसली. तिने सगळं बंद केलं, थोडं थांबून आधी इंटरनेटची डबी सुरू केली, मग हब, मग संगणक. हबचे दिवे पिसाळल्यासारखे लुकलुकत राहिले. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. तेच. फोनला रेंज मिळायची ती फक्त गॅलरीत. तिथे जाऊन तिने नवऱ्याला विचारलं आणि पळत परत आली. "म्हणतात वायरी तपासून बघ. पण वायरी तर किती नीट आहेत! दुपारपर्यंत सगळं चालू होतं. विजेनेच काहीतरी घात केलाय."

आजोबांनी विजेरीचा झोत त्या सुबक गुंडाळ्यांवर धरला. दुपारपासून विजेखेरीज या कपाटाला हात लागला होता तो फक्त त्यांचा.

गप्प बसलं तर कुणालाही कळणार नव्हतं. बोललं तर मुलगा पुन्हा तेच म्हणेल, आणि या खेपेला सूनही हसणार नाही. तिच्या कपाळावरचा घाम त्यांना दिसला. असाच घाम पुसत ती रात्र रात्र त्यांच्या बायकोच्या उशाशी बसलेली त्यांनी पाहिली होती.

"सूनबाई, वायरी मी लावल्यात," ते म्हणाले. "एक टोक मोकळं होतं. ते मी खोचलं."

"कुठे?"

"यातच."

"दोन्ही टोकं यातच? अहो बाबा!" तिने गुंडाळीचा दोरा दाताने तोडला आणि वायर उपटून काढली. "जे आत येतंय तेच गरगर फिरतंय, बाहेर कसं पडणार?" तिने हब पुन्हा सुरू केला. दिवे हळूहळू भानावर आले. ती उठली. "आता बाहेर बसा. आणि कशालाही हात लावू नका."

ते बाहेर जाऊन खुर्चीवर बसले. दारापलीकडून तिचा आवाज येत होता. सुरुवातीला कापरा होता, मग सावरला, आणि मग खणखणीत झाला. सून इतक्या ठामपणे बोलते, हे ते विसरूनच गेले होते.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. "सोमवारी साहेबांना भेटायला बोलावलंय," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "तुम्ही बोलला नसतात ना, तर मी अजून विजेलाच शिव्या देत बसले असते."

आजोबांनी खाली बघितलं. "खरं सांगू का पोरी? क्षणभर मीही म्हटलं, विजेच्याच माथी खापर फुटू दे. ती काही उलट बोलायला येणार नव्हती."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला जे हसू फुटलं, ते आवरता आवरेना. हसता हसता तिने तिथेच जमिनीवर बसकण मारली, आणि थोडं घाबरत घाबरत आजोबाही हसायला लागले.