ट्रेमधलं कुंकू

माझ्या पर्समध्ये घराची किल्ली, गोळ्यांची पट्टी आणि दोन पेनड्राइव्ह कायम असतात. त्यातल्या एकानं बंद पडलेला कॉम्प्युटर पुन्हा उभा करता येतो, असं मी लोकांना सांगते. सांगताना छाती थोडी फुगते, हे मान्य. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर नंबर चिकटवण्यात माझी सगळी नोकरी चालली आहे; कुणी आपल्याला हुशार म्हणावं असे प्रसंग तिथं फारसे येत नाहीत. पण एका वर्षी कॉलेजनं जुने कॉम्प्युटर भंगारात काढायचं ठरवलं, तेव्हा मी ते मागून घेतले, त्यांच्यावर फुकटात मिळणारी हलकी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि वाचनकक्षात मांडून दिले. तेव्हापासून शहरातल्या छावणी भागातल्या आमच्या गल्लीत कुणाचाही कॉम्प्युटर रुसला की तो माझ्या ओट्यावर येतो.

काम तसं अवघड नाही, पण लोकांना ते नीट कळत नाही. त्यांना वाटतं, नेटवरून सिस्टीमची फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर कॉपी केली, की झालं. तसं होत नाही. कॉम्प्युटर सुरू होतो त्या क्षणी त्याला फार थोडं समजत असतं. तेवढ्या समजुतीत वाचता येईल अशा रीतीनंच ती फाइल लिहावी लागते, आणि त्याआधी पेनड्राइव्हवरचं होतं नव्हतं ते सगळं पुसावं लागतं. जुन्या मशीनची तर आणखी तऱ्हा. नवी वस्तू त्यांना ओळखूच येत नाही. म्हणून आधी मशीनला विचारायचं, बाबा, तुला काय वाचता येतं? आणि मग तेच त्याच्यापुढं ठेवायचं. हे मी सगळ्यांना सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, त्यातली गत.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, देवगाव रंगारीला असते. दाजी तालुक्याच्या कचेरीत टंकलेखक होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज, नोटिसा आणि हुकूम टाइप केले. निवृत्तीच्या थोडं आधी त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर टाइपरायटरसारखाच मराठी कीबोर्ड बसवून घेतला. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली आणि जीभ वळेनाशी झाली. डोकं मात्र पहिल्याइतकंच साफ. तोंडातून फक्त ‘आ’, ‘ऊं’ असं काही निघायचं, पण उजव्या हाताची बोटं कळ दाबण्यापुरती शाबूत होती; पेन मात्र त्यांत ठरत नसे. मग ते कीबोर्डवर बोलायला लागले. एका हातानं, सावकाश, एकेक अक्षर. भाजीत मीठ कमी आहे, विहिरीवरच्या मोटारीचं स्टार्टर बघा, अमक्याच्या लग्नाला अक्कानं जायलाच पाहिजे, असं सगळं पडद्यावर उमटायचं आणि अक्का ते मोठ्यानं वाचायची.

पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं मोठ्या पडद्याचा फोन पाठवला होता. दाजींनी तो दोन दिवस वापरला आणि उशीखाली सरकवला; पुढं तो बंदच पडून राहिला. का, ते त्यांनी मला कॉम्प्युटरवर लिहून दाखवलं होतं: ‘मी एक अक्षर काढले की हा पुढचा शब्द स्वतःच बोलतो.’ मी तेव्हा खूप हसले होते.

यंदा दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला. “अगं, त्येंचं मशीन बंद पडलं. समदं काळं व्हतंय अन् इंग्रजीत दोन वळी येत्यात. ते तर जेवंनात बघ. तू ये बाई रविवारी.”

मी गेले. जाताना तयार पेनड्राइव्ह घेतला, आणि मशीन जुनं आहे म्हणून तीच सिस्टीम लिहिलेली एक डीव्हीडीही घेतली. दाजी खाटेवर बसले होते, दाढी वाढलेली. मला बघून त्यांनी उजवा हात वर केला आणि लगेच टेबलाकडं दाखवला. मी मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून, “होऽ दाजी, क-र-ते आता नीट,” असं म्हटलं. त्यांचे कान शाबूत होते. तरी आजारी माणसाशी आपण असं का बोलतो, कुणास ठाऊक.

रोग लवकर सापडला. गावात लाइट येते-जाते, त्यात सिस्टीमच्या फायली खराब झाल्या होत्या. नवी सिस्टीम टाकायची, एवढंच काम. पेनड्राइव्ह लावला, पण मशीनच्या यादीत त्याचं नावच नाही. इतक्या जुन्या मशीनला पेनड्राइव्हवरून सुरू होता येतच नव्हतं. मग डीव्हीडीचा ट्रे उघडला. पुढं आलेल्या ट्रेवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती आणि कडेला दोन अक्षता. मला हसू आलं. रुमालानं पुसलं आणि डीव्हीडी ठेवली. आत नुसती घरघर झाली. तीनदा करून पाहिलं, तीनदा घरघर. मग फोनची बॅटरी लावून आत डोकावले. चकती वाचणारं ते हरभऱ्याएवढं भिंग लालपिवळं झालं होतं. वर्षानुवर्षं ट्रेवर लावलेलं कुंकू आत जाऊन बसलं होतं.

“अक्का, हे कुणी केलं?”

“कामून? म्याच लावते की. दर साली दसऱ्याला. तेवढं ताट बाहेर येतं न, त्यात. नाय लावायचं व्हय?”

माझा स्वभाव असा आहे की काम अडलं की मला दोष द्यायला माणूस लागतो. “ताट? अगं, हे देवघरातलं ताम्हन आहे का? आत भिंग असतं, भिंग! टेबलाला लाव, पेटीला लाव, पण आत कुठं लावतेस? शाळा शिकलीस ना तू? तुझ्या या हळदीकुंकवानंच दाजींची वाचा घालवली बघ.”

अक्कानं आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडं पाहिलं.

तेवढ्यात दाजी खाटेवर हात आपटायला लागले. तोंडातून मोठ्यानं ‘आऽ, आऽ’ निघत होतं, मान हलत होती. “त्यांना पाणी दे,” मी म्हटलं. अक्कानं तांब्या आणला. दाजींनी तोंड फिरवलं, पाणी सदऱ्यावर सांडलं. मग मीच पेला धरला आणि “घ्या, घ्या, दोन घोट घ्या,” करत त्यांना पाणी पाजलं. ते प्याले आणि गप्प झाले. मला वाटलं, बघा, तहानच लागली होती.

मी चकती वाचणारा तो ड्राइव्ह खोलून पाहिला. भिंग धुवायला स्पिरिट मिळालं नाही. कापसानं भिंग पुसायला गेले, तर ते जास्तच खरबरीत झालं. दुसरा ड्राइव्ह घेऊन पुढच्या रविवारी येते, असं सांगून मी एसटीत बसले.

सोमवारी ग्रंथालयात बॅगेतून ती डीव्हीडी काढली आणि तिच्यावर माझ्याच हातानं लिहिलेलं वाचलं. चौसष्ट बिट. दाजींचं मशीन बत्तीस बिटचं, जुन्या बनावटीचं. म्हणजे ते भिंग आरशासारखं लखलखीत असतं, तरी त्या चकतीनं त्या मशीनवर काही केलं नसतं. घाईत मी नव्या कॉम्प्युटरसाठी केलेली चकती उचलून नेली होती. नाचता येईना, अंगण वाकडं. मी कपाटाचं दार लावलं आणि बराच वेळ पुस्तकांच्या नोंदींची जुनी कार्डं लावत बसले. आमच्याकडं आता कार्डं कुणी बघत नाही.

अक्काला तेव्हाच फोन करता आला असता. करायलाच हवा होता. पण मी स्वतःला समजावलं, की तिला बत्तीस आणि चौसष्ट काय कळणार, आणि कुंकू तर आत होतंच की. खरं कारण एवढंच, की आमच्या घरात शहाणी धाकटी म्हणून माझं नाव आहे आणि ते मला जपायचं होतं.

बुधवारी तिचाच फोन आला. “ते सारखं मशीनकडं बोट दावायलेत, मग माझ्याकडं. दिसभर तेच. मी पाणी दिलं, चहा दिला, नको म्हंतेत. मला वाटतं, हिनंच मोडलं म्हणत आसतील. आता हात तर माझाच लागला न बाई. त्येंचं बोलणं मीच बंद केलं.”

मी म्हटलं, “अगं, त्यांना घाई झालीय, दुसरं काही नाही. मी रविवारी येते.”

एवढंच म्हटलं. फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली, तरी मी तो पुन्हा उचलला नाही.

शहरात गुलमंडीच्या मागच्या एका बोळात जुन्या सुट्या भागांचं दुकान आहे. तिथल्या चाचांनी ढिगातून जुन्या मशीनला चालणारा, रुंद चपट्या पट्टीनं जोडायचा एक ड्राइव्ह काढला, फुंकर मारली आणि म्हणाले, “आपा, इसकु अब कोई पूछता नै. किसके वास्ते ले रे?”

“एक आदमी को बात करनी है,” मी म्हटलं.

मी नव्यानं लिहिलेली बत्तीस बिटची चकती चाचांनी माझ्याकडून मागून घेतली आणि स्वतःच्या मशीनवर ड्राइव्ह लावून ती पूर्ण वाचली जाते का, ते पाहिलं. “पैले चला के देखो, फिर ले जाओ,” म्हणाले. इतकी साधी गोष्ट. मागच्या रविवारी मला सुचली नव्हती.

दुसऱ्या रविवारी मी पोचले, तेव्हा अक्का आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. टेबल हलवायला जरा हात लाव म्हटलं, तर म्हणाली, “नको. मी नाय हात लावायची त्याला.” टेबलावरची धूळसुद्धा तिनं आठवडाभर पुसली नव्हती. टेबल मी एकटीनंच ओढलं.

ड्राइव्ह बसवला, चकती घातली. आत हलका शिट्टीसारखा आवाज सुरू झाला आणि पडद्यावर अक्षरं धावू लागली. तासभर लागला. दाजींची जुनी कागदपत्रं वेगळ्या कप्प्यात होती, ती तशीच राहिली. मराठी टाइपरायटरचा कीबोर्ड निवडला, अक्षर मोठं केलं आणि दाजींना धरून खुर्चीवर बसवलं. “लिहा,” मी म्हटलं. मला वाटलं, ते आभार मानतील. खोटं कशाला बोलू, मी त्याची वाटच बघत होते.

त्यांनी उजवा हात सदऱ्याला पुसला. मग एक बोट, एक अक्षर. डावीकडच्या कळांसाठी सगळा दंड ओढून न्यावा लागत होता. अक्का चौकटीपाशीच उभी. बऱ्याच वेळानं पडद्यावर हे उभं राहिलं:

‘विषय : संगणकातील कुंकवाबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, ट्रेमध्ये कुंकू लावणेबाबत माझ्या पत्नीस मीच तोंडी सूचना दिली होती. कचेरीत दसऱ्यास टाइपरायटरच्या रुळाला लावीत असू, त्यावरून. सबब चूक माझी आहे. तिला बोलू नये.’

आठ दिवस हा माणूस हेच सांगत होता. मशीनकडं बोट, मग अक्काकडं बोट, मग स्वतःच्या छातीकडंही दाखवलं असेल. तिथपर्यंत कुणी बघितलंच नसणार. चोर सोडून संन्याशाला सुळी दिलेली, आणि चोर समोर बसून ओरडून कबूल करत होता.

“काय लिवलंय?” अक्का म्हणाली.

“तू वाच,” मी म्हटलं.

ती जवळ आली. नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला लागली, पण ‘सूचना’पाशी तिचा आवाज थांबला. उरलेलं तिनं मनात वाचलं. मग तोंडाला पदर लावून खालीच बसली. “व्हय की,” ती म्हणाली, “नवं मशीन आणलं तवा ह्येंनीच दावलं व्हतं, हितं लाव म्हून. मी इसरूनच गेले. अन् तुमी आठ दिस हेच सांगत व्हता व्हय?” तिनं टेबलाच्या कडेवर हात ठेवला, आणि तो तिथंच राहू दिला.

आता माझी पाळी होती. मला तर झटका आला नव्हता. “अक्का,” मी म्हटलं, “मशीन कुंकवानं बंद पडलंच नव्हतं. लाइटनं पडलं होतं. आणि त्या दिवशी कुंकू नसतं तरी ते चाललं नसतं. चकती मी चुकीची आणली होती. सोमवारीच कळलं मला.”

“सोमवारी?” अक्कानं माझ्याकडं पाहिलं. “मंग बुधवारी फोनवर कामून नाय बोललीस?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात दाजींचा हात पुन्हा कीबोर्डकडं गेला. मी सवयीनं म्हणणार होते, दमलात, झोपा आता. पण जीभ आवरली आणि पडद्याकडं बघत राहिले. एकेक अक्षर येत गेलं. पुढचा शब्द ओळखता येत होता, तरी मी तो मनातसुद्धा पुरा केला नाही.

‘ता. क. त्या दिवशी मला पाणी नको होते.’