तळपायावरची टिचकी

खाणीच्या कॅन्टीनमध्ये डबे उघडले की किस्से सुरू होतात. कोणाला रस्त्यात वाघ आडवा आला, कोणाचा डंपर चिखलात बसला. माझे किस्से मात्र सगळे घुग्घुसच्या आमच्या एका खोलीतले. त्यात वाघ नाही. असता तर मी कमी घाबरलो असतो! घाबरलेला माणूस काय काय करून बसतो ते साचत जातं, आणि हसू यायला वर्ष लागतं.

आमची पोरगी फार लवकर जन्मली. चंद्रपूरच्या दवाखान्यात कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. घरी न्यायची वेळ आली तेव्हाही माझ्या एका हातावर सहज मावत होती.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "उघड्या छातीशी धरून उबेत ठेवा. आणि लक्ष असू द्या. अशी बाळं कधी कधी मध्येच श्वास घ्यायला विसरतात. छाती हलताना दिसली नाही तर तळपायावर टिचकी मारायची, आणि लगेच इकडे घेऊन यायचं."

मी विचारलं, "विसरतात म्हणजे?"

माझी आई शेजारी उभी होती. ती म्हणाली, "बापावर गेली. हा पण रोज डबा विसरून जाते!"

कोणीच हसलं नाही. आईसुद्धा नाही.

*

मित्राच्या गाडीतून घरी निघालो. पुढे कोळशाचे ट्रक, मागे कोळशाचे ट्रक. बायकोने, प्रणालीने, पोरीला पदराखाली छातीशी धरलेलं. बाहेर होता तेवढा एक पाय. तो माझ्या हातात.

गाडी खड्ड्यात आदळली की मला वाटायचं, थांबला श्वास! की मी मारली टिचकी. आता त्या रस्त्याला खड्डे किती, ते मी सांगायला नको. घुग्घुस येईपर्यंत पोरगी गाडी डोक्यावर घेऊन रडत होती.

प्रणाली शेवटी ओरडली, "रडून राह्यली म्हणजे श्वास चालू हाय न! सोडा आता तिचा पाय!"

*

घरी दारावर आईचा पहारा. शिफ्टवरून आलो की अंगणातच आंघोळ. मग आई माझ्या कानात ओल्या फडक्याचं टोक फिरवायची आणि ते उजेडात धरून पाहायची.

"काळं हाय. जा परत."

"माय, थंडी वाजून राह्यली!"

"कानात अख्खी खदान घेऊन आला अन् पोरीजवळ जातो म्हणते! तिची छाती केवढी, तुले समजते का?"

मला समजत होतं. म्हणून तर गुपचूप परत जायचो.

*

शेजारच्या कुंदाकाकूला खोकला होता. आईने तिला फाटकातच थांबवलं. काकूचा चेहरा उतरला. मग प्रणालीने आतून तिला व्हिडिओ कॉल लावला. फाटकात काकू, आत पोरगी, मध्ये दहा पावलं आणि मोबाईल!

काकूने डोळे भरून पाहिलं, घरी जाऊन मीठ-मोहरी आणली आणि आपल्या मोबाईलवरूनच ओवाळून दृष्ट काढली. आम्हाला कोणाला ते वावगं वाटलं नाही. उलट आई आतून ओरडली, "कॉल कटला होता वं! परत लाव अन् परत काढ!"

*

टिचकी हळूहळू आमच्या हाडात शिरली. मी कॅन्टीनमध्ये डुलकी घेणाऱ्यांचे तळपाय पाहायला लागलो. नाइट शिफ्ट करून दिवसा झोपलो की आई मला टिचकी मारून उठवायची.

"काय झालं?"

"काई नाई. छाती हालताना दिसली नाई."

त्या दिवसांत आमच्या घरात सगळे पाय चादरीत गुंडाळून झोपायचे.

*

प्रणालीला ताप आला तेव्हा सिंदेवाहीहून मामाजी आले, म्हणजे माझे सासरे. जन्म धानाच्या बांधीत गेलेला माणूस. मी ड्यूटीवर असलो की पोरीला छातीशी धरायचं काम त्यांच्याकडे. पण मुलीच्या सासरी, विहीणबाईंसमोर उघडं बसायचं कसं? तर मामाजी भिंतीकडे तोंड करून बसायचे. आई चहा ठेवायची तीही मान वळवून. दोघं बोलायचे ते भिंतीशी.

एका दुपारी मी शिफ्टवरून येऊन नुकतीच आंघोळ उरकली होती. मामाजी भिंतीला म्हणाले, "विहीणबाई, पोरगी हालून नाई राह्यली."

आवाज एकदम हळू. आईच्या हातातली परात खाली पडली. तिने धावत जाऊन टिचकी मारली. काही नाही. दुसरी मारली. पोरीचे ओठ निळसर दिसत होते, आणि मला माझे हात कुठे आहेत तेच कळत नव्हतं. तिसऱ्या टिचकीला ती मांजराच्या पिलासारखी बारीक रडली.

तसेच चंद्रपूरला धावलो. मॅडमनी तिला ठेवून घेतलं. संध्याकाळी "आता ठीक आहे" असा निरोप आला, तेव्हा कुठे आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मामाजी भरल्या दवाखान्यात नुसत्या धोतरावर बसले होते, दुपारपासून! आईने अंगावरची शाल काढून त्यांच्या खांद्यांवर टाकली.

"पाहा आता इकडं," ती म्हणाली. "भिंत नाई इथी."

*

पोरगी आता रांगते. मॅडम म्हणाल्या, टिचकी विसरा. आम्ही हो म्हणालो. आईची मात्र अजून चालू आहे, चोरून.

परवा मामाजी आले होते. जेवून आम्ही दोघं सतरंजीवर आडवे झालो. मामाजींचं घोरणं सुरू झालं आणि मध्येच थांबलं. पोरगी हातातला चमचा टाकून रांगत त्यांच्या पायांशी गेली. बोटं काही तिला जमत नाहीत अजून. तिने तळपायावर चापट मारली आणि त्यांच्या छातीकडे टक लावून बसली.

मामाजी जागे झाले होते. मला दिसत होतं. पण डोळे मिटून, श्वास धरून ते तसेच पडून राहिले.

तिने दुसरी चापट मारली. जोरात.

मामाजींनी मोठा श्वास घेतला. ती बघत राहिली. छाती खाली गेली, परत वर आली. मग ती वळली आणि माझ्या पायांकडे यायला निघाली.